सात पात्यांचा पहारा

सुनेला कितीही बोला, ती उलट बोलत नाही, ही मुकादमबाईंची तिच्याबद्दलची पहिली आणि शेवटची तक्रार होती. मधल्या तक्रारी पुष्कळ होत्या, पण त्या सगळ्या या तक्रारीच्याच पोटच्या. "चार शब्द माझ्या तोंडावर फेकले असतेस तर मीही आठ फेकले असते आणि दोघी जेवायला बसलो असतो," त्या म्हणायच्या. "पण नाही. मी इकडे घसा कोरडा करते आणि ही फरशीकडे बघते, जसं काही फरशीच बोलतेय."

मुकादम हे त्यांचं आडनाव नव्हे. नवरा सुतारकामाचा कारखाना चालवायचा आणि बाई नवऱ्याला चालवायच्या, म्हणून गल्लीने दिलेलं ते नाव. शाळेची पायरी त्या दोनच वर्षं चढल्या होत्या. पण फळी ओली की वाळलेली हे नुसती उचलून सांगायच्या, आणि माणूस खरा की खोटा हे न उचलताच. नवऱ्याला त्या मालक म्हणत. मालकांना जाऊन तीन वर्षं झाली होती. जाण्याआधी मालकांनी एक उद्योग करून ठेवला होता. मशीनवरचं सगळं काम त्यांनी सुनेला शिकवलं होतं, मुलाला नव्हे. मुलगा मापाला पक्का, गिऱ्हाइकाच्या घरी दारं-कपाटं बसवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता; पण करवत फिरायला लागली की गडी डोळे मिटायचा. "डोळे मिटणाऱ्याच्या हाती करवत द्यायची नसते," एवढं बोलून मालकांनी विषय संपवला होता. मुकादमबाईंच्या मनातून मात्र तो तीन वर्षं संपला नव्हता.

तर ही सून. तीन आठवड्यांपूर्वीचंच घ्या. दोन वर्षांची नात न्हाणीघरातून फरशी घासायच्या ॲसिडची बाटली मानगुटीला धरून फरफटत बाहेर घेऊन आली. बाटली उंबऱ्यावर आपटली, बुचाला तडा गेला. मुकादमबाईंनी आधी नात उचलली, मग बाटली उचलली, मग सुनेला फैलावर घेतलं. बाटली खाली ठेवली कोणी, आई म्हणवतेस कशाला, डोळे काय दागिने म्हणून मिळालेत का. सुनेने सगळं ऐकून घेतलं, पोरीचे हात तीनदा धुतले, उंबरा पुसला. तोंडातून अक्षर नाही. बाटली दूर नेऊन ठेवायचं कामही शेवटी मुकादमबाईंनाच करावं लागलं.

आणि आता हा गंज.

रविवारी सकाळी त्यांनी कमरेच्या जुडग्यातली किल्ली फिरवून कारखान्याचं दार उघडलं आणि पाय आत टाकायचाच राहिला. रंधा मशीनचा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, पाट विटेच्या रंगाचा झाला होता. काल संध्याकाळी त्याच पाटात त्यांना स्वतःचं नाक दिसलं होतं. सून त्यांच्या डोळ्यांदेखत तीन तास तो घासत होती: आधी रॉकेल लावून पॉलिश पेपर, मग कोरडं फडकं, मग वरून मेणाचा हात. तेल नाही, कारण तेल लाकडाला लागलं की त्यावर पॉलिश धरत नाही. एवढं सगळं केलेलं, आणि एका रात्रीत पाटावर लाल पावडर. त्यांनी बोट फिरवलं तर बोट लाल. ड्रिल मशीनचा जबडा धरून पाहिला, तो फिरेना. गोल करवतीच्या दात्यांवर तपकिरी ठिपके आले होते, म्हाताऱ्याच्या हातावर येतात तसे.

मुकादमबाई तशाच उभ्या राहिल्या. मागून मुलगा चहाचा कप घेऊन आला आणि आईला गप्प उभी पाहून त्याच्या हातातला कप हिंदकळला. मशीनकडे त्याची नजर नंतर गेली.

"छप्पर गळतंय का?" त्याने विचारलं.

"छप्पर गळलं असतं तर भुसा ओला झाला असता. उचलून बघ."

भुसा कोरडा ठणठणीत होता.

हे तिसऱ्यांदा झालं होतं. दवाखान्याच्या बारा बाकांचं काम हातात होतं, तेही पांढऱ्या लाकडाचं. मागच्याच आठवड्यात चार फळ्या मशीनवरून पोटावर तपकिरी रेघा घेऊन उतरल्या होत्या आणि डॉक्टरीणबाई स्वतः येऊन म्हणाल्या होत्या, "पेशंट यावर बसतील की याच्यामुळे आजारी पडतील?" मालकांच्या हयातीत या कारखान्यातून कोणी नाक मुरडून गेलं नव्हतं. मुकादमबाईंना ते वाक्य जेवताना आठवायचं आणि घास फिरायचा.

सून आली. तिने पाट पाहिला आणि खाली बसून त्याची कड बोटाने चाचपली. तेवढ्यापुरतं मुकादमबाईंना वाटलं की आता तरी ही काही बोलेल.

"बोल," त्या म्हणाल्या. "मशीनला रात्री आंघोळ घालतेस का?"

सून पाटाकडे बघत राहिली.

"ठीक आहे. मग मीच बोलते. शनिवारपर्यंत हा प्रकार थांबला नाही, तर पुतण्याला बोलावणार. मशीन तो घेऊन जाईल, त्याच्या शेडमध्ये चालवील. तू घर सांभाळ. त्यांनी तुला शिकवलं ते शिकवलं, पण जपायला शिकवायचं राहून गेलेलं दिसतंय."

हे शेवटचं वाक्य लागलं. सुनेच्या हनुवटीला खड्डा पडला आणि भरून आला. ती उठली आणि म्हणाली, "आई, शनिवारपर्यंत मी इथे काही ठेवीन. ते कोणी हलवू नका."

सोमवारी संध्याकाळी तिने जे ठेवलं ते पाहून मुलाने डोकं खाजवलं. रंध्याची जुनी, झिजलेली सात पाती तिने घासून चांदीसारखी केली. ना तेल, ना मेण. एक दाराशी, एक खिडकीत, एक करवतीवर, एक ड्रिलपाशी, एक फळ्यांच्या चवडीवर, एक रंधा मशीनवर आणि एक पार मागच्या भिंतीला, मालकांच्या कपाटाखालच्या फळीवर. प्रत्येकाच्या शेजारी खडूने आकडा.

"ही काय, पहारेकऱ्यांची भरती आहे?" मुकादमबाईंनी विचारलं.

"हो," सून म्हणाली.



त्या कपाटाबद्दल सांगायला हवं. मालकांनी ते स्वतःच्या हातांनी केलं होतं. आत दमट हवा कोंडून हत्यारं गंजू नयेत म्हणून दोन्ही दारांना वरच्या बाजूने बोटभर भोकांची रांग पाडली होती. आत त्यांची हातहत्यारं होती आणि सगळ्यांत वरच्या खणात त्यांचा लोखंडी हातरंधा, मऊ कापडात गुंडाळलेला. मालक गेले त्या दिवशी मुकादमबाईंनी कपाटाला कुलूप घातलं, किल्ली जुडग्यात अडकवली आणि सांगून टाकलं की या कपाटाला जो हात लावील त्याने दुसऱ्या हाताने आपलं सामान उचलावं. तीन वर्षांत कोणी त्याच्यावरची धूळसुद्धा विचारल्याशिवाय झटकली नव्हती.

आठवडाभर मुकादमबाई रोज सकाळी दार उघडायच्या. पात्यांकडे बघायचं नाही असं ठरवायच्या, आणि दाराशी वाकून बघायच्या. दाराजवळचं पातं लखलखीत. खिडकीतलंही. झालं तर, त्या मनात म्हणायच्या, हवेत दोष नाही. दोष आहे तो हातात. आणि अर्ध्या रस्त्यातून मागे फिरायच्या. पुढची पाच बघायची त्यांना गरज वाटली नाही. बुधवारी सून आकडे पुसून पाती इकडची तिकडे करताना दिसली, तेव्हा त्या मुलाला म्हणाल्या, "बुद्धिबळ मांडलंय तुझ्या बायकोने. राजा कोण ते विचारून ठेव."

शुक्रवारी मुलाने एकदाच धीर केला. "आई, मशीन गेली तर तिच्यात काही उरणार नाही. बाबा गेल्यापासून ती त्यांच्याशी तिथेच बोलते."

"माझ्याशी बोलायचं राहिलं ते त्यामुळेच," मुकादमबाई म्हणाल्या आणि कूस बदलावी तसं तोंड फिरवून बसल्या.

शनिवारी पुतण्या टेम्पो घेऊन हजर. तो फर्निचरला पॉलिश मारायचा. बोलणंही तसंच, वरून चकचकीत. "काकू, मी आधीच म्हणणार होतो. बाईच्या हाताला घाम फार. बिडाला तो सोसत नाही."

"तुझ्या हाताला येत नाही ना घाम," मुकादमबाई म्हणाल्या. "यायला काम करावं लागतं."

पुतण्याच्याच बाजूने त्या होत्या, पण म्हणून काय झालं.

दार उघडलं. सगळे आत गेले, आणि या वेळी मुकादमबाईंनाही पुढे जावं लागलं. दाराशी पातं स्वच्छ. खिडकीत स्वच्छ. फळ्यांच्या चवडीवर थोडी झाक, डोळे बारीक केले तर दिसावी इतकी. ड्रिलपाशी ठिपके. करवतीवर डाग. रंधा मशीनवरचं पातं पाटासारखंच तांबडं. आणि कपाटाखालच्या फळीवरचं सातवं पातं उचलायला गेलं तर बोटांना त्याचे पापुद्रे लागले, जसं काही ते वर्षभर नाल्यात पडून होतं.

पुतण्याचा हसरा चेहरा तसाच राहिला, नुसतं त्यातलं हसू गेलं.

"सोमवारी रात्री असंच झालं," सून हळूच म्हणाली. "मंगळवारी मी हे घासून पुन्हा ठेवलं. पुन्हा तसंच. मग म्हटलं, पात्याचंच लोखंड वाईट असेल. म्हणून बुधवारी दाराचं इथे ठेवलं आणि इथलं घासून दारात. दारात गेलेलं आजपर्यंत चांगलं आहे. इथे आलेलं हे असं झालं." तिने मान वर केली. भोकांच्या रांगेखाली कपाटाच्या बिजागऱ्या लाल झाल्या होत्या, आणि त्यांच्यापासून भिंतीवर गंजाचा बारीक ओघळ उतरला होता. "जे काही आहे ते वरून येतंय, आई."

मुकादमबाईंचा हात कमरेला गेला आणि तिथेच थांबला. मुलाने स्टूल पुढे केलं. त्यांनी ते पायाने बाजूला सारलं, टाचा उंचावल्या, कुलपात किल्ली घातली. कुलूप उघडेना. सुनेने न विचारता दोन थेंब तेल सोडलं. दार करकरत उघडलं आणि आतून असा वास आला की पुतण्या खोकत मागे सरकला.

खालच्या खणात, डिंकाच्या डब्यामागे, निळ्या पिशवीत गुंडाळलेलं काहीतरी होतं. पिशवीच्या गळ्याला सुतळीचे तीन वेढे आणि वर दुहेरी गाठ. या घरात ती गाठ ओळखणार नाही असा कोणी नव्हता. साखरेच्या पुड्यापासून लेकीच्या पाठवणीच्या पेटीपर्यंत मुकादमबाईंनी आयुष्यभर हीच गाठ मारली होती. पिशवी वरून विरली होती आणि आत तडा गेलेल्या बुचाची बाटली होती.

मुकादमबाईंना ती संध्याकाळ आठवली. कडेवर रडणारी नात, कारखान्यात अंधार, हाताला लागेल तो खण. कोणाचाच हात पोचणार नाही अशी घरात एकच जागा होती, आणि ती त्यांनीच तशी करून ठेवली होती.

"याची वाफ लोखंडाला खाते," सून म्हणाली, सांगायचं म्हणून नव्हे, स्वतःशीच. "बाटली भरलेलीच आहे. नुसती वाफ."

मुकादमबाईंनी ऐकलं नाही. त्यांनी वरच्या खणातली ती कापडाची गुंडाळी उतरवली. कापडावर तांबडे डाग होते. त्यांनी एक पदर सोडला, दुसरा सोडला. मालक ज्या रंध्याच्या तळाला दर रविवारी मेण लावायचे, मूल झोपवावं तसं, त्याच्या तळाला खपल्या धरल्या होत्या. त्यांनी नख लावलं तर खपली निघाली आणि खाली खड्डा दिसला. तोंडातून आवाज निघाला तो रडण्याचाही नव्हता, हाकेचाही नव्हता. मुलाने त्यांना धरलं. या वेळी त्यांनी स्टूल नाकारलं नाही.

सुनेने बाटली पाण्याच्या बादलीत ठेवून बाहेर मोकळ्यावर नेली, मागची खिडकी उघडली आणि येऊन सासूसमोर उकिडवी बसली. रंध्याकडे हात केला, पण घेतला नाही.

"घासून निघेल," ती म्हणाली. "खड्डे राहतील. चालेल मात्र."

"काकू," पुतण्या दारातून म्हणाला, "मग मशीन उचलू का?"

"रिकामा टेम्पो घेऊन नीघ," मुकादमबाई म्हणाल्या. "जाताना कोणाचं तरी सामान पोचव, टेम्पोला तरी वाटेल आज काम केलं."

टेम्पोचा आवाज गल्लीच्या टोकाला गेला तेव्हा त्यांनी सुनेकडे पाहिलं.

"कपाटातून येतंय हे तुला कधी कळलं?"

"मंगळवारी संशय आला. गुरुवारी खात्री झाली."

"आणि आज शनिवार."

सुनेने कापडाचं टोक रंध्यावर ओढलं.

"का बोलली नाहीस?"

"तुम्ही उघडलं असतंत?"

मुकादमबाईंनी यावर खरंच विचार केला. मुलाने आईला एवढा वेळ विचार करताना कधी पाहिलं नव्हतं.

"नसतं उघडलं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी कमरेचं जुडगं सोडलं, कारखान्याची आणि कपाटाची अशा दोन किल्ल्या बोटांनी चाचपून काढल्या आणि सुनेच्या मांडीवर टाकल्या. रंधाही ठेवला, तो मात्र हळू.

"आता ऐक, आणि फरशीकडे बघू नकोस. तुझ्या हाताला दोष नाही. हाताला दोष होता तो माझ्या, आणि ते मी गल्लीत सांगत फिरणार नाही, इथे एकदाच सांगते. त्यांनी तुला जपायला शिकवलं नाही असं मी म्हणाले, तेही खोटं ठरलं. मशीन तुझी, कपाट तुझं, हा रंधा तुझा. पण मंगळवारी तू तोंड उघडलं असतंस आणि मी ओरडले असते, रात्रभर ओरडले असते, तर यातले चार खड्डे तरी कमी पडले असते. ते चार तुझ्या नावावर. यापुढे माझं चुकलं की त्याच दिवशी, माझ्या तोंडावर, मोठ्याने बोलायचं. जमत नसेल तर किल्ल्या परत दे."