झेंडूचा दोरा

मित्रांनो, तुम्ही रोज ज्या रस्त्यावरून शाळेत जाता, त्याच्या पोटात काय आहे हे तुम्हाला ठाऊक नसतं. मला ते दिसतं. मी एक जुना रडार आहे. विमानं शोधणारा नव्हे. माझं तोंड कायम जमिनीकडे असतं. बाबागाडीसारखी माझी चौकट, खाली चपटी केशरी पेटी, वर हँडलला पडदा आणि मागे मोजणीचं एक लहान चाक, एवढाच माझा संसार. माझी गोष्ट ऐकण्यासारखी आहे की नाही, याची मला खात्री नाही. पण सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही, म्हणून सांगतो.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथून थर्माकोलात गुंडाळून मला साकीनाक्याच्या एका गाळ्यात आणलं. तिथे सम्यकने माझी पेटी उघडली. सम्यक घाटकोपरचा, शांत स्वभावाचा, जमिनीखालचे पाइप आणि केबल शोधण्याचं काम करणारा. त्याने मला पहिल्यांदा हात लावला तो इतक्या हलक्या हाताने, की मला वाटलं, या माणसाजवळ आपलं बरं चालेल.

माझं काम कसं चालतं, ते थोडक्यात सांगतो. मी जमिनीत हाक मारतो. ती माणसांना ऐकू येत नाही. ती खाली जाते, पाइपवर किंवा दगडावर आपटते आणि परत येते. परत यायला किती वेळ लागला, त्यावरून ती वस्तू किती खोल आहे हे समजतं. पाइप पडद्यावर उलट्या वाटीसारखा दिसतो. आरे कॉलनीतल्या कोरड्या मुरुमात मला स्वच्छ दिसायचं. जुहूच्या खाऱ्या, ओल्या वाळूत मात्र मी आंधळा व्हायचो.

आणि माझं चाक म्हणजे माझी पावलं. चाक फिरलं की मी हाक मारतो. चाक थांबलं की मी गप्प. म्हणून सम्यक रोज सकाळी जमिनीवर टेप पसरायचा आणि मला तिच्या कडेने चालवायचा. टेपवरचा आकडा आणि पडद्यावरचा आकडा जुळला, की मगच कामाला सुरुवात. मग तो मला माहितीच्या एखाद्या पाइपवरून नेऊन आजची माती ओली की सुकी हे शिकवायचा. टेम्पोचा चालक नंदू कंटाळून जांभया द्यायचा, पण सम्यक ऐकायचा नाही. एकदा मुलुंडला खोदाई सुरू होणार, तोच मी गॅसची नळी दाखवली. त्या दिवशी मजुरांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या. ते माझे चांगले दिवस होते.

मग दसरा आला.

सम्यकच्या घरी यंत्रांची पूजा नसे. त्या दिवशी तो पांढरा शर्ट घालून विहारात जायचा. पण जाता जाता गाळ्यात डोकावला, तेव्हा नंदू टेम्पोला झेंडूचे हार घालून उरलेला हार घेऊन माझ्याकडेच येत होता. नंदू कणकवलीकडचा.

"अरे, ते मशीन आहे, बैल नाही," सम्यक हसून म्हणाला.

"मशीन झाला म्हणान काय झाला? तेकाय दसरो असताच मां!"

"घाल बाबा. पण चाकाला नको हां."

"टेम्पोच्या चाकाक घातलंय. ह्येका नाय घातलंय तर ह्यो रुसतलो."

सम्यक हात जोडून हसत निघून गेला. नंदूने मला कुंकू लावलं, हाराचं एक टोक चाकाला गुंडाळलं आणि डोळे मिटले. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. तोवर माझ्यासाठी कोणी डोळे मिटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नंदूने घाईत हार ओढून काढला. फुलं निघाली. हार तुटला. हातभर दोरा मात्र चाकाच्या आसाभोवती राहिला. तो कोणाला दिसला नाही.

त्या सकाळी आम्ही साकीनाक्याच्या मागच्या एका गल्लीत गेलो. दोन्ही बाजूंना गाळे, आत लेथ आणि पत्रे कापणारी यंत्रं. यंदा पाऊस दसऱ्यापर्यंत रेंगाळला होता. गल्लीतलं डांबर जागोजागी दबलं होतं आणि ऊन पडूनही ओल हटत नव्हती. खाली जुनी पाण्याची नळी गळत असावी आणि तिने माती वाहून नेली असावी, असा संशय होता. रस्ता कुठे पोकळ झाला आहे, ते मी सांगायचं होतं.

गल्लीच्या मध्यावर, निळ्या शटरसमोर, सुंदराबाईंची भाजी-भाकरीची गाडी उभी असे. गाळ्यांतली कामगार मंडळी दुपारी तिथेच जेवायची. त्या गाडीवर सुंदराबाईंचं घर चालायचं.

सम्यकने टेप काढली, तोच ठेकेदाराचा माणूस मुकुल धावत आला. "टेप-बिप राहू दे ना यार! मागे टेम्पो बघ किती लागलेत. मशीन तर झकास चालतंय ना तुझं?"

"परवापर्यंत चालत होतं."

"मग आज काय त्याला ताप आला? आटप रे, लोक मला शिव्या घालतायत."

मागून हॉर्न वाजत होते. सम्यकने क्षणभर टेपकडे पाहिलं आणि ती पिशवीत टाकली.

आम्ही निघालो. थोडं अंतर चाक नीट फिरलं. मग दोरा आवळला. चाक फिरायचं, अडायचं, फरफटायचं, पुन्हा फिरायचं. जिथे ते फरफटलं, तिथे मी गप्प राहिलो, आणि ती जमीन माझ्या हिशेबात आलीच नाही. सम्यक समोरून घुसणाऱ्या टेम्पोंना हात दाखवत होता. त्याचं खाली लक्ष नव्हतं.

निळं शटर मागे पडलं. पुढे लाल शटर लागलं. तिथे मी हाक मारली आणि मित्रांनो, ती जशी यायला हवी तशी परत आली नाही. वर डांबराचा पापुद्रा होता. त्याच्याखाली माती नव्हती. काहीच नव्हतं.

गल्लीच्या टोकाला पोचल्यावर सम्यकने पडदा मागे सरकवून पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. "मुकुल, पोकळी आहे. मोठी आहे."

"कुठे?"

सम्यकने पडद्यावरचा आकडा वाचला, गल्लीच्या सुरुवातीपासून टेप धरली आणि तेवढ्या अंतरावर पिवळ्या रंगाने फुली मारली. टेप खरी होती. खोटा होता तो माझा आकडा. फुली पडली ती निळ्या शटरसमोर, भक्कम जमिनीवर, सुंदराबाईंच्या गाडीच्या पुढ्यात.

मुकुलने लोखंडी अडसर मागवले. सम्यक सुंदराबाईंकडे गेला.

"मावशी, गाडी हलवावी लागेल."

"जय भीम म्हणायचं सोडून हे काय रे बाळा? कुठं हलवू? गिऱ्हाईक मला निळ्या शटरलाच शोधतं."

"थोडेच दिवस. तिकडे लाल शटरपाशी लावा."

सुंदराबाईंनी लाल शटरकडे पाहिलं. "तिथली जमीन बरी आहे ना?"

"मशीनने बघितलंय, मावशी."

"मग काय, मशीननं बघितलं म्हणजे झालं," त्या म्हणाल्या आणि पदर खोचला.

मी टेम्पोच्या फळीवर उभा होतो. नंदूने खांदा लावून गाडी ढकलत नेली. शेगडी, पिठाचा डबा, पाण्याचा पिंप, मग गॅसची टाकी. एकेक वजन तो त्या पापुद्र्यावर मांडत होता. मला माझा आकडा खोटा असल्याचं ठाऊक होतं. पण मला ओरडता येत नव्हतं. एक सबंध सकाळ मी ते बघत उभा राहिलो. दुपार झाली तशी लाल शटरसमोर माणसं जमू लागली. पाच जण, मग दहा, मग मला मोजवेना.

सुंदराबाईंनी सम्यक आणि नंदूसाठी भाकरी आणि वांग्याची भाजी टेम्पोतच पाठवून दिली होती. सम्यक एका हाताने जेवत दुसऱ्या हाताने माझा पडदा सरकवत होता. गल्लीच्या शेवटी गटाराचं लोखंडी झाकण होतं. लोखंड पडद्यावर फार ठळक दिसतं. सम्यकने झाकणाचा आकडा पाहिला. मग मान वर करून खऱ्या झाकणाकडे पाहिलं. मग पुन्हा पडद्याकडे.

"नंदू, हे झाकण एवढं जवळ कसं?"

हातातली भाकरी ठेवून तो खाली वाकला. त्याने माझं चाक फिरवून पाहिलं. ते अडलं. त्याने नखाने आसातला दोरा उकलला. दोऱ्याला झेंडूची एक सुकलेली पाकळी चिकटली होती.

नंदूने ती पाहिली.

सम्यकने दोरा तोडून काढला, मला खाली उतरवलं आणि दोघे मला घेऊन धावत सुटले. माझं चाक आता मोकळं होतं. एवढ्या वेगाने मी कधी धावलो नव्हतो, आणि प्रत्येक पावलाला मला वाटत होतं, आपल्याला उशीर झाला.

"मावशी, गाडी सोडा! सगळे बाजूला व्हा!"

सुंदराबाई भाकरी थापत होत्या. "सकाळी तिकडून उठवलंस, आता इकडून उठ म्हणतोस? तुझं मशीन दारू पितं काय रे?"

जेवणारी मंडळी हसली. "ताई, त्याला पण एक भाकरी द्या, शुद्धीवर येईल," कोणीतरी म्हणालं.

सम्यकला धाप लागली होती. "मशीन नाही मावशी, मी चुकलो. टेप लावली नाही. हे बघा." त्याने मला हळूहळू त्यांच्या गाडीच्या दिशेने सरकवलं. सुंदराबाईंनी पिठाचा हात पुसून पडद्याकडे पाहिलं.

"हे काळं-पांढरं काय आहे?"

"ही गल्ली. हा वरचा थर, हे डांबर. आणि हा पांढरा पट्टा तुम्ही उभ्या आहात तिथला." त्याचा आवाज अगदी बारीक झाला. "खाली माती नाही."

सुंदराबाईंनी आपल्या पायांकडे पाहिलं. आता कोणी हसत नव्हतं. त्यांनी आधी शेगडी बंद केली. मग म्हणाल्या, "ताटं तिथंच ठेवा. पळू नका, धपाधपा पाय आपटू नका. एकेक जण व्हा बाजूला."

माणसं निघाली. सगळ्यांच्या शेवटी त्या स्वतः निघाल्या. नंदू मात्र उलटा आत शिरला आणि गॅसच्या टाकीला हात घातला.

"नंदू, सोड ते!" सम्यक ओरडला.

"सोडू कसा? मीच ढकलून हय हाडलंय ना!"

टाकी त्याने उचलून बाहेर लोटली. ती गडगडत निळ्या शटरकडे गेली. मग तो गाडीच्या दांड्याकडे वळला.

आवाज मोठा झाला नाही. वाळलेली भाकरी मोडावी, तेवढाच झाला. गाडीची मागची बाजू खाली बसली, आणि शेगडी, डबा, ताटं घेऊन गाडी दिसेनाशी झाली. नंदूचा एक पाय तिच्यासोबत गेला. पडता पडता त्याने माझी चौकट पकडली. वरून सम्यकने माझं हँडल धरलं. गाळ्यांतली माणसं सम्यकच्या कमरेला बिलगली आणि मागे ओढू लागली.

मी खड्ड्याच्या काठावर पालथा लटकत होतो. ज्या अंधाराला मी नेहमी नुसत्या हाका मारत आलो, तो आता समोर होता. खाली काळं पाणी वाहत होतं. सुंदराबाईंचं एक ताट त्यावर तरंगत लाल शटरच्या भिंतीखाली गेलं आणि परत आलं नाही. माझं चाक काठावर आपटून वाकलं. पण मी हात सोडला नाही. यंत्राला हात नसतात हे खरं, तरी मला त्या वेळी असंच वाटलं.

नंदू वर आला. त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला होता. त्याने पुन्हा टेम्पो चालवला नाही. खड्डा पुढे भरला. लाल शटरच्या भिंतीखालचा भाग किती भरला, ते मला ठाऊक नाही, कारण मला तिथे कोणी नेलं नाही. सुंदराबाई नव्या गाडीसह निळ्या शटरसमोर परतल्या. सम्यक सांगतो, की गाडी लावण्याआधी त्या रोज टाचेने जमीन ठोकतात आणि कान देऊन उभ्या राहतात.

माझं चाक दुरुस्त झालं, पण पूर्वीसारखं नाही. सम्यक आता नवं यंत्र वापरतो, आणि कोणी कितीही हॉर्न वाजवले तरी आधी टेप पसरतो. दसऱ्याला नंदू काठी टेकत येतो, हार माझ्या डोक्यावर, भिंतीतल्या खिळ्याला टांगतो, मला नाही. मग बराच वेळ तो माझ्या चाकावरून बोट फिरवत राहतो.

मी आता कोपऱ्यात असतो. नवी मुलं शिकायला आली, की मला बाहेर काढतात. परवा त्यांनी मला आमच्याच गाळ्यातून ढकलत नेलं. टेप लावली नव्हती. उंबऱ्यापाशी माझी हाक खाली गेली आणि जराशी वेगळी परत आली. कदाचित काही नसेल. मी जुना आहे, चाक वाकडं आहे, माझं मला पटत नाही. पण लाल शटरसमोर उमटला होता तसाच एक पांढरा पट्टा पडद्यावर उमटला आणि सरकून गेला. मुलं एकमेकांशी बोलत होती. नंतर त्यांनी मला कोपऱ्यात ठेवलं आणि तोच उंबरा ओलांडून ती जेवायला गेली.

मित्रांनो, मला ते दिसतं, पण मला तोंड नाही. तुम्ही कधी माझ्यासारख्या एखाद्या यंत्राजवळ गेलात, तर त्याला हार नसला तरी चालेल. आधी त्याचं चाक फिरवून पाहा. मग पडद्याकडे पाहा. आणि जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ पाहत राहा.