सावलीची बाजू

डॉक्टरांनी सांगितलं होतं त्याच क्रमाने बाबांची नजर जात होती. आधी बारीक रेषा गेल्या, मग फिके रंग. आता पांढऱ्यावरचं जाड काळं तेवढं दिसायचं, आणि तेही फार तर सहा महिने.

बाबांनी चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. त्यांची अक्षरं आतून पोकळ, भोवती केसाएवढी रेघ आणि मागे जाड काळी सावली. त्यामुळे अक्षर पाटीपासून बोटभर पुढे आल्यासारखं वाटायचं. आता त्या पाट्या भराभर उतरत होत्या आणि त्यांच्या जागी आतून उजळणाऱ्या प्लास्टिकच्या लागत होत्या. बाबांची अख्खी वर्णमाला कॉम्प्युटरवर उतरवायची आणि नजर आहे तोवर त्यांना दाखवायची, असं मी डॉक्टरांनी सांगितलं तेव्हाच ठरवलं होतं.

दोन वर्षांत एक्केचाळीस पाट्यांचे फोटो काढले. अक्षरं तेवढी कापून ठेवली, बाकीचं पुसून टाकलं. प्रत्येक सावलीचा कोन मोजला. बावीस सावल्या उजवीकडे, एकोणीस डावीकडे, कोन तीस अंशांपासून पासष्टपर्यंत. मला ती हाताची चूक वाटली. प्रयोगशाळेत शिकले होते तेच केलं : बहुमताची बाजू धरली आणि सरासरी काढली. उजवीकडे, त्रेचाळीस अंश.

रविवारी मोठ्या कागदावर छापून आणलं. बाबांनी कागद खिडकीपाशी नेला, नाकाला लावला.

"दिसतंय! अगं, हे बघ, 'क'चं पोट!"

"समोर उभी असलेली मी दिसत नाही, 'क'चं पोट बरं दिसतं," आई म्हणाली.

"तूही सावली लावून ये, दिसशील."

कितीतरी दिवसांनी तिघंही हसलो. मग बाबांचं बोट कागदावर सरकता सरकता थांबलं.

"सगळ्यांची उजवीकडेच?"

"हो. तुमच्या निम्म्या पाट्या चुकल्या होत्या, त्या सुधारल्या."

"चुकल्या होत्या?" बाबा कागदावरून नजर न काढता म्हणाले. "पावाच्या दुकानात गर्दी सकाळची, शिंप्याकडे संध्याकाळची. मी गर्दीच्या वेळी समोर जाऊन उभा राहायचो. छज्ज्याची सावली जिकडे पडेल तिकडेच अक्षराची. गिऱ्हाइकाने वर बघितलं की अक्षर खरं वाटायला हवं."

छज्जा, दार, रस्ता हे सगळं मी पुसलेल्या भागात होतं. कुठली सावली कुठल्या दुकानाची, ते आता सांगता येत नव्हतं. एक्केचाळिसातल्या चारच पाट्या अजून दुकानांवर होत्या.

"हे कुठलं दुकान?" बाबांनी विचारलं.

"दुकान नाही, बाबा. नुसती अक्षरं आहेत."

"मग ऊन कुठून येतंय?"

मी कागदावरच्या सावल्यांकडे बघितलं.

"सावली काढून टाक," बाबा म्हणाले.

"काढली तर नुसती रेघ उरेल. तुम्हाला काहीच दिसणार नाही."

"राहू द्या ना हो," आई म्हणाली. "दिसतंय तेवढं बघा की."

"चुकीचं बघत बसू? काढ गं."

संध्याकाळी सावली काढून पुन्हा छापलं. पाच मिनिटांचं काम होतं. बाबांनी तो कागदही खिडकीपाशी नेला, नाकाला लावला आणि सावकाश डावीकडून उजवीकडे फिरवला. त्यांनी तो उलटा धरला होता. मी सांगितलं नाही.

"हां," ते म्हणाले. "आता बरोबर."

आणि मग अंधार पडेपर्यंत ते 'क' शोधत राहिले.