आकाशराख्याची केप नवा सिनेमा पाहते

मित्रांनो, मी केप आहे, म्हणजे वीराच्या खांद्यांवरून पाठीवर रुळणारे वस्त्र, आणि जुनी आहे, हे सांगताना मला जराही कमीपणा वाटत नाही. आकाशराखा नावाचा उडणारा वीर पहिल्यांदा पडद्यावर आला, तेव्हा त्याच्या खांद्यांवर मी होते. आता तोच वीर नव्या नटाच्या रूपात, नव्या सिनेमातून पुन्हा आला आहे आणि जो तो त्याच्याबद्दल तावातावाने बोलतो आहे. माझे त्याबद्दल एक मत आहे. पण माझ्यापेक्षा माझ्या मालकांचे मत ऐकण्यासारखे आहे, कारण त्या मतापायी त्यांच्या घरातले एक माणूस जवळजवळ दुरावले होते.

माझा जन्म एका सिनेमा स्टुडिओच्या कपडेपटात झाला. कपडेपट म्हणजे नटांचे कपडे जिथे शिवतात आणि सांभाळतात ती जागा. मला शिवणाऱ्या बाई सदानकदा ओठांत टाचण्या धरून काम करायच्या, त्यामुळे कुणी काही विचारले तरी उत्तर मानेनेच मिळायचे. त्यांनी मला बाहेरून गडद निळे जाड कापड दिले आणि आतून लाल अस्तर. पहिल्या चाचणीच्या दिवशी मोठा पंखा लावला आणि मी उलटून थेट नटाच्या तोंडावर गेले. सगळे पोट धरून हसले. बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी मला खाली उतरवले, माझी खालची कड उसवली आणि आत शिशाच्या एकवीस बारीक गोळ्या शिवून टाकल्या.

तेव्हापासून मी शहाण्यासारखी वागू लागले. नट वळला की मी त्याच्यामागून सावकाश वळायचे. तो थांबला की मी एक हेलकावा घेऊन थांबायचे. पाहणाऱ्याला वाटायचे, या माणसाच्या खांद्यांवर खरोखरच काहीतरी आहे. त्या सिनेमात एक प्रसंग होता. आगीतून वाचवलेली एक म्हातारी कुडकुडत उभी असते, आकाशराखा तिच्याशी बोलत बोलत मला खांद्यावरून काढतो आणि तिला पांघरतो. मित्रांनो, त्या वेळी चित्रपटगृहात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. पुढे कित्येक महिने लोक स्टुडिओत येऊन माझ्या कडेला नुसता हात लावून जात.

मग दिवस पालटले. नवे सिनेमे आले, नवे कपडे आले. माझी रवानगी आधी खुंटीवर, मग पेटीत आणि शेवटी एका बंद पडलेल्या शिलाई मशीनवर झाली. मी त्या मशीनचे झाकण झाले. धूळ बसू नये म्हणून मला पांघरत आणि माझ्यावरची धूळ कुणीच झटकत नसे. अशी नऊ वर्षे गेली.

एके दिवशी कपडेपटाच्या बाई कपड्यांच्या गठ्ठ्यांसकट लिफ्टमध्ये अडकल्या. दुरुस्तीला जो तरुण आला, त्याने त्यांना तासाभराने बाहेर काढले. तो तासभर तो दाराला तोंड लावून त्यांच्याशी गप्पा मारत होता, त्या घाबरू नयेत म्हणून. गठ्ठे पोचवायला म्हणून तो वर आला आणि मला पाहून दारातच थबकला.

"ही त्याची आहे?" त्याने विचारले.

बाईंनी मानेने होकार दिला.

"मी अकरा वेळा पाहिलाय तो सिनेमा. घाबरलेल्या माणसाशी बोलत राहायचं, हे मी त्याच्याकडून शिकलो."

बाईंनी ओठांतल्या टाचण्या काढल्या. त्यांनी स्टुडिओच्या मालकांकडून चिठ्ठी आणली, मला झटकून घडी घातली आणि त्याच्या हातात दिले. "वॉशिंग मशीनमध्ये टाकू नकोस," एवढेच त्या म्हणाल्या.

तो तरुण म्हणजे माझे मालक. आता त्यांचे केस पिकले आहेत आणि सगळे त्यांना लिफ्टकाका म्हणतात. त्यांनी आकाशराख्याच्या चाहत्यांचे मंडळ काढले. महिन्यातून एका रविवारी वाचनालयाच्या सभागृहात मंडळी जमतात. मंडळाचे सचिव दातांचे डॉक्टर आहेत. दिवसभर समोरच्याचे तोंड उघडे ठेवून त्याला बोलू न देण्याची सवय असल्यामुळे ते सभेतही कुणाला फारसे बोलू देत नाहीत. पण माणूस मनाचा सरळ.

लिफ्टकाकांना मूलबाळ नाही. त्यांच्या थोरल्या भावाची मुलगी लहानपणापासून त्यांच्याच घरी जास्त असे. आकाशराखा तिने काकांच्या शेजारी बसून पाहिला. मोठी होऊन ती सिनेमासाठी संगणकावर चित्रे हलवण्याचे काम करू लागली आणि नव्या सिनेमात नेमके तिला काम मिळाले ते केपचे. नव्या नटाच्या पाठीवर कापडाचा तुकडाही नव्हता. केप नंतर संगणकावर तयार होणार होती.

ती मला भेटायला आली तो दिवस मला आठवतो. तिने मला जेवणाच्या टेबलावर पसरले, इंच न् इंच मोजले, वजनकाट्यावर ठेवले. मग मला खुर्चीच्या पाठीला बांधून टेबलफॅन लावला आणि तासन् तास माझे चित्रण केले. काका पंखा धरून उभे होते. काकू म्हणाल्या, "नवरीलासुद्धा एवढं कुणी निरखत नाही." मी मात्र मनातून फुलून गेले होते.

सव्वा वर्षाने सिनेमाची झलक आली. रविवारच्या सभेत मंडळींनी ती एकत्र पाहिली. पुतणीही मुद्दाम आली होती. दीड मिनिटाची झलक संपली आणि लिफ्टकाका सवयीने, मागचापुढचा विचार न करता, मोठ्याने म्हणाले, "ही केप आहे की धूर?"

सभागृह खदखदून हसले. पुतणी उठली, पिशवी घेतली आणि निघून गेली. पुढचे तीन आठवडे ती घरी आली नाही. फोन केला की "कामात आहे काका" म्हणायची आणि ठेवून द्यायची. काका माझ्या काचेच्या कपाटासमोर येऊन उभे राहायचे आणि परत जायचे.

इकडे डॉक्टरांनी एक पत्र लिहून तयार ठेवले. नवा सिनेमा म्हणजे आपल्या वीराची विटंबना आहे, कुणीही तो पाहू नये, असा त्यातला मजकूर. पहिली सही लिफ्टकाकांची हवी होती.

"आधी बघून येतो," काका म्हणाले.

"बघायचं काय त्यात? झलक पाहिलीत ना?"

"लिफ्ट बिघडली असं कुणी फोनवर सांगितलं म्हणून मी घरी बसून तिचं निदान करत नाही, डॉक्टर."

दुसऱ्याच दिवशी सिनेमा लागला आणि दुपारच्या खेळाला काका एकटे गेले. एकटे म्हणजे माझ्यासोबत. त्यांनी मला कापडी पिशवीतून नेले आणि मांडीवर ठेवले. मी पिशवीच्या तोंडातून पाहत होते. मित्रांनो, माझ्या पोरीला पडद्यावर पाहताना मला कसे वाटले ते सांगता येणार नाही. पोरगीच म्हणायची तिला. तोच निळा रंग, तेच लाल अस्तर. पण ती वाऱ्याआधीच उडत होती. एका प्रसंगात मात्र मी पिशवीतल्या पिशवीत सावरून बसले, आणि काकांचा हात माझ्यावर घट्ट झाला.

रविवारी सभागृह भरले होते. पुतणीला काकूंनी ओढून आणले होते. ती मागच्या दाराशी हाताची घडी घालून उभी राहिली. टेबलावर मी, माझ्याशेजारी पत्र आणि पेन.

लिफ्टकाका उभे राहिले. त्यांनी कागद आणला नव्हता.

"सिनेमा मला निम्मा आवडला," ते म्हणाले. "न आवडलेलं आधी सांगतो. पस्तीस मजल्यांची इमारत कोसळते आणि आत एकही माणूस दिसत नाही. मी रोज असल्या इमारतींत काम करतो. दुपारी तीन वाजता तिथं किती माणसं असतात, मला ठाऊक आहे. माणसंच नसतील तर हा वाचवतोय कुणाला? अर्धा तास नुसता चुरा पडत होता, मी घड्याळ बघत होतो."

डॉक्टरांनी समाधानाने मान हलवली.

"आता आवडलेलं. गच्चीवरची पाण्याची टाकी फुटते. कठड्यावर एक बाई जाऊन बसलीय, भेदरलेली. हा तिला उचलून नेऊ शकला असता. नेत नाही. भिजलेल्या कठड्यावर तिच्या शेजारी बसतो आणि तिला विचारतो, 'तुम्हाला सोबत हवी की मी जाऊ?' मग केप पिळत बसून राहतो. आपल्या आकाशराख्यानं केप पांघरली, यानं ती पिळली. मला दोन्ही खरी वाटली. आणि त्या कठड्यावरची केप ओली होती, जड होती. तिचं पाणी माझ्या मांडीवर गळतंय असं वाटलं मला. बाकीच्या सिनेमात तिला वजनच नाही, हे मी आजही म्हणेन. पण धूर म्हणालो ते चुकलं. न बघता बोललो, आणि चारचौघांत बोललो. म्हणून चारचौघांतच माफी मागतो."

दाराशी उभी असलेली पुतणी म्हणाली, "वजन होतं काका. सगळीकडे होतं. हिच्या गोळ्यांइतकंच घातलं होतं मी. शेवटच्या महिन्यात दिग्दर्शकांनी काढायला लावलं. म्हणाले, त्याच्यानं तो संथ दिसतो."

"आणि गच्चीवर?"

"तिथं मी हटून बसले. तो प्रसंग मी एकटीनं केलाय. चार महिने लागले."

"मग मला आधी का नाही सांगितलंस?"

"मला बघायचं होतं, तुम्हाला न सांगता कळतं का."

लिफ्टकाकांनी चष्मा काढून पुसला. मग पेनाला टोपण लावून ते त्यांनी डॉक्टरांच्या खिशाला अडकवले. डॉक्टरांनी पत्र घडी करून ठेवले, पण त्यांचे मत काही बदलले नाही. सिनेमा पाहून आल्यावरही ते म्हणाले, "जुन्याची सर नाही." ते त्यांचे मत, आणि आता ते पाहून बनलेले आहे, हे काय थोडे झाले?

पुढच्या आठवड्यात सगळे मंडळ मिळून तो सिनेमा पाहायला गेले. सिनेमा संपला, दिवे लागले, लोक उठले. आमच्या दोन रांगा मात्र बसून राहिल्या. पडद्यावर काम करणाऱ्यांची नावे सरकत होती, शेकडो. झाडूवाला दाराशी ताटकळत उभा होता. पुतणीचे नाव आले आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच वर निघून गेले. काकांनी ते मोठ्याने वाचले. मग डॉक्टरांनी त्याखालचे वाचले, काकूंनी त्याखालचे. ज्यांची नावे आम्हांला कधी कळली नसती, त्यांची नावे त्या रिकाम्या चित्रपटगृहात माणसांच्या तोंडून उमटत राहिली. झाडूवाल्यानेही शेवटची चारपाच वाचली.

मित्रांनो, मला शिवणाऱ्या बाईंचे नाव कुठल्याच पडद्यावर कधी आले नाही. म्हणून तुमच्याकडे माझे एवढेच मागणे आहे. एखादी गोष्ट आवडली नाही तर खुशाल तसे म्हणा, पण आधी ती पूर्ण पाहा. आणि आवडली, तर दिवे लागल्याबरोबर उठू नका.