लांबट फ्लॉवर

माझे सासरे निवृत्त भूमापक. पाकिटावर छापलेल्या महिन्यावर भरवसा ठेवून त्यांनी ऐन उन्हाळ्यात गच्चीवरच्या वाफ्यात फ्लॉवरचं बी पेरलं.

"बाबा, ते पाकीट थंड देशातलं आहे. आपल्याकडे फ्लॉवर ऊन उतरल्यावर लावतात," मी म्हणाले.

"छापणारे काय मूर्ख असतात?"

रोपं दोनदा उगवली आणि दोनदा करपली. तिसऱ्या वेळी त्यांनी वाफ्यावर स्वतःची छत्री बांधली आणि शेजारी खुर्ची टाकून स्वतः उन्हात बसले. रोपं तरीही गेली. दोन दिवस ते नीट जेवले नाहीत.

मला राहवेना. ते दुपारी झोपले असताना मी त्याच ओळींत चवळी टोकली. चवळीला ऊन मानवतं.

पाचव्या दिवशी त्यांनी घरभर जाहीर केलं, "फ्लॉवर उगवला." पुढे वेल छत्रीच्या दांड्यावर चढला, तेव्हा नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं.

दीड-दोन महिन्यांनी सासऱ्यांनी ओंजळभर शेंगा ओट्यावर आणून ठेवल्या.

"सूनबाई, यंदाचा फ्लॉवर जरा लांबट आलाय."

"उन्हानं झालं असेल, बाबा."

"असेल. आणि तिसरी ओळ चार बोटं वाकडी टोकलीस."

माझा कणकेतला हात तसाच राहिला.

"फ्लॉवर कधी लावायचा म्हणालीस?"

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. त्यांनी मला काही विचारण्याची ही पहिलीच वेळ.

"ऊन उतरू दे. मी सांगते."

"सांग," ते म्हणाले आणि शेंगा मोडायला बसले.