पुनमचा फ्रीज आणि साखराबाईंचा पेला

किल्लारीत वाढदिवसाचा केक लातूरहून जीपमध्ये बसून यायचा, आणि उतरायचा तेव्हा तो केक उरलेला असेलच याची खात्री नसायची. डबा उघडावा तर गुलाब सगळे एका कोपऱ्यात, नावाची अर्धी अक्षरं झाकणाला चिकटलेली, आणि ज्याचा वाढदिवस ते पोरगं रडकुंडीला आलेलं. लोक बिचारे झाकण चाटून वाढदिवस साजरा करायचे. लग्न होऊन आल्या आल्या पुनमनं हे बघितलं आणि तिच्या डोक्यात किडा वळवळला. लातुरात माहेरी असताना ती केक शिकली होती. नवरा दयानंद लातूरच्या डाळ मिलमध्ये कामाला. मिलच्या मालकानं जुना एकदारी फ्रीज काढून टाकला, तो दयानंदनं टेम्पोत घालून गावी आणला, आणि पुनमचं काम सुरू झालं.

छोटे छोटे केक जमत गेले. मग धोंडप्पांच्या नातीचा पहिला वाढदिवस आला. अर्धं गाव जेवायला, आणि केक हवा दोन मजली. धोंडप्पा ओट्यावर बसून म्हणाले, "पोरी, एवढं जमीव. मग गावात जीपचा केक बंद." नाही जमलं तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. गावातल्या बाया वर्षभर सांगत बसल्या असत्या.

आणि वाढदिवस उद्यावर आला असताना फ्रीजनं मान टाकली.

पुनमनं दुपारी खालचा कप्पा उघडून क्रीमचं पाकीट दाबून बघितलं. कोमट. हे क्रीम गारठलेलं असेल तरच फेटल्यावर उभं राहतं, नाहीतर कितीही फेटा, ताकासारखं वाहत बसतं. तिनं वरचा बर्फाचा कप्पा उघडला. ट्रेमध्ये पाणी.

"मामा," तिनं सासऱ्यांना हाक मारली, "फ्रीज गार करंना झालाय."

हणमंतराव याच हाकेची वाट बघत असावेत, अशा चपळाईनं उठले. साखर कारखान्यात त्यांनी हयात बॉयलरवर काढली होती आणि रिटायर झाल्यापासून गावातलं एकही यंत्र त्यांच्या तावडीतून सुटलं नव्हतं. काही दुरुस्त झाली होती, काही गप्प झाली होती.

"यंत्र मंजे यंत्र," ते बाह्या सरसावत म्हणाले. "बॉयलर तापवतो, हे गार करतं. बाकी काय फरक हाय?"

साखराबाई खाली बसून शेवग्याच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. एरवी नवऱ्यानं पान्ह्याला हात लावला की त्या दोन शब्द सुनावल्याशिवाय राहायच्या नाहीत. आज गप्प.

ही बाई कशी आहे ते सांगायला पाहिजे. साखराबाईंच्या घरात डोक्याच्या वर वस्तू ठेवायची नाही. माळा रिकामा. फळीवर डबे नाहीत, सगळी भांडी जमिनीलगत मांडलेली. भिंतीला कॅलेंडर चालेल, फोटोची जड चौकट चालणार नाही. आणि स्वयंपाकघरात फ्रीजला खेटून असलेल्या बुटक्या कट्ट्यावर एक पितळी तांब्या उपडा, त्याच्या बुडावर एक स्टीलचा पेला उपडा. जमीन जराशी जरी हलली तरी पेला वाजतो. भूकंपानंतर गावात पुष्कळ घरांत असे पेले होते. हळूहळू लोकांनी ते उचलून पाणी प्यायला घेतले. साखराबाईंनी नाही. हणमंतराव त्याला "आमची वेधशाळा" म्हणायचे आणि शिव्या खायचे. दोन मजली केकचं कळल्यावरही साखराबाईंचं पहिलं बोलणं हेच होतं, "दोन मजली कशाला? एक मजली बस हाय की."

तर हणमंतरावांचा तपास सुरू झाला. आधी त्यांनी प्लग हलवून बघितला. दार उघडलं, आतला दिवा लागला.

"करंट हाय," त्यांनी जाहीर केलं.

"ते मला बी दिसायलंय, मामा."

मग त्यांनी आतलं गारव्याचं बटण बघितलं. ते शेवटच्या आकड्यावरच होतं, पुनमनं कधीच फिरवलं होतं. मग दाराचं रबर. वर्तमानपत्राची पट्टी फाडून त्यांनी दारात अडकवली, दार लावलं आणि पट्टी ओढली. रबर सैल असेल तर कागद अलगद निसटतो. इथं कागदच फाटून हातात आला.

"रबर टाइट," ते म्हणाले. "मग गारवा जायलाय कुटं?" त्यांनी आत डोकं घातलं आणि आतूनच ओरडले, "ह्ये काय? वरणाचं पातेलं? वाफ निगायली ह्येच्यातून."

"कोमट हाय ते," साखराबाई शेंगांकडे बघत म्हणाल्या.

"कोमट? माजा चष्मा पांढरा झाला की."

पातेलं बाहेर आलं. फ्रीजमध्ये गरम पातेलं ठेवायचं नाही, आतला सगळा गारवा तेच खाऊन टाकतं, यावर हणमंतरावांनी छोटंसं भाषण दिलं आणि रोग सापडला म्हणून चहा मागितला. चहा पिऊन झाला. क्रीम कोमटच होतं.

पुनमनं लातूरच्या मृत्युंजयला फोन लावला. दयानंदच्या ओळखीचा फ्रीज मेकॅनिक. तो नेमका मुदखेडला होता, मेव्हणीच्या लग्नात. मागं बँड असा वाजत होता की फ्रीजपेक्षा त्याचंच काहीतरी बिघडलंय असं वाटावं.

"वहिनी, परवा येतो," तो बँडच्या वरताण ओरडला.

"परवा येऊन काय करता, भाऊ? केक उद्याच हाय. गॅस गेला असंल का?"

"गॅस नंतर बघू. आवाज कसा येतो सांगा."

पुनमनं फोन फ्रीजपाशी धरला. फ्रीज घुर्र करून सुरू झाला, थोडा वेळ कण्हला आणि टक्क करून बंद पडला. थोड्या वेळानं परत तेच.

"तापून कट मारायलंय ते," मृत्युंजय म्हणाला. "कॉम्प्रेसर मंजे खाली मागं जो काळा गोळा असतो ना, तो लई तापला की आपला आपण बंद पडतो. मागं जाळी हाय ना काळी? आतली गरमी तिच्यातून भाईर पडती. तिला हवा मिळायली का बगा. भिंतीला चिटकवलाव का काय?"

"मागचं बघितलंय मी," हणमंतराव मध्येच बोलले. "एकदम ओके."

त्यांनी काय बघितलं होतं देव जाणे. पोट आड येत असल्यामुळे त्यांना भिंत आणि फ्रीज यांच्यामध्ये डोकावताच येत नव्हतं. पुनमनं फोन त्यांच्या हातात दिला, फ्रीजच्या कव्हरची झालर बाजूला केली आणि मागं हात घातला. जाळीला लागायच्या ऐवजी हात कशात तरी मऊ मऊ जाऊन रुतला. ऊन ऊन. तिनं दचकून हात काढला, परत घातला, आणि टोक धरून ओढलं.

गोधडी. निळ्या लुगड्याची, लाल टाक्याची. ओढावी तितकी येतच राहिली. ती संपली तर तिच्या मागं दुसरी, घडी घालून जाळीवर घट्ट कोंबलेली. दुसरीच्या मागं जुनी सतरंजी.

"सापडलं का वहिनी?" फोनमधून मृत्युंजय ओरडत होता.

"सापडलं," पुनम म्हणाली. "फ्रीज पांघरूण घेऊन झोपलाय."

हणमंतरावांना हसावं की ओरडावं कळेना. मग त्यांनी दोन्ही करायचं ठरवलं. "चैताच्या उन्हात? अगं, त्येला काय हीव भरलं हुतं? पोरीची उद्याची इज्जत हाय त्येच्यात, आन् तू..."

साखराबाई शेंगांची ताटली पुढं ओढून बसल्या. तेवढ्यात फ्रीज परत सुरू झाला होता, आणि आता टक्क करून बंद पडला. बंद पडताना त्यानं नेहमीसारखा हिसका दिला. गोधड्या निघाल्यामुळे तो हिसका कुणी अडवला नाही. शेजारच्या कट्ट्यावर तांब्यावरचा पेला वाजला. किण्ण.

शेंगांची ताटली पालथी झाली. साखराबाई कधी उठल्या आणि कधी अंगणात पोचल्या ते कुणाला दिसलंसुद्धा नाही. साठीची, गुडघेदुखीनं बेजार बाई. अंगणाच्या मधोमध उभी, छातीला हात लावून, आणि आत बघतेय.

हणमंतरावांचं हसू जिथल्या तिथं विरलं. त्यांनी मृत्युंजयला "मागनं करतो" म्हणून फोन ठेवून दिला.

पुनम अंगणात गेली. "आत्याबाई, फ्रीज हुता. काई न्हाई झालं."

"कळतंय मला," साखराबाई म्हणाल्या. "फ्रीज हाय हे कळतंय. पायाला कळंना." मग पुनमकडे न बघता त्या बोलू लागल्या. "त्या रात्री आदी फळीवरची भांडी वाजली हुती. दया अंगावर पीत हुता, त्येला घेऊन मी भाईर पळाले. माज्या आत्याबाईला, ह्येंच्या आईला, हाक मारीन म्हणलं. हाक मारंपतुर वरचं सगळं खाली आलं." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "ह्यो तुजा फ्रीज दिवसातून कितींदा वाजवतो त्यो पेला. म्हणलं गोधडी लावावी, जरा कमी हादरंल. तर ह्यो आनखीनच हादराया लागला. मग मी दुसरी लावली."

आता पुनमच्या ध्यानात आलं. गोधडीनं फ्रीज तापला, तापला म्हणून सारखा बंद पडू लागला, बंद पडला की हिसका, हिसका बसला की आणखी एक गोधडी. बिचारी बाई महिनाभर फ्रीजशी झुंजत होती आणि घरात कुणाला खबर नव्हती. पुनमला केकचा विसर पडला. तिला फार वाईट वाटलं, आणि स्वतःचा रागही आला, की पेला रोज डोळ्यांसमोर असून आपल्याला तो कधी ऐकूच आला नाही.

"बोलायचं न्हाई का, आत्याबाई?"

"काय बोलू? तुजं काम चांगलं चाललंय. म्हातारी पेल्याला भेती म्हणू?"

हणमंतराव दारात उभे होते. ते मुकाट्यानं आत गेले आणि फ्रीजला मिठी मारून त्याला भिंतीपासून चार बोटं पुढं ओढलं. मग गुडघ्यावर बसून, पोट सांभाळत, खाली वाकून बघितलं आणि खऱ्या अर्थानं त्या दिवसाचा पहिला शोध लावला.

"पुनम, ह्येचा एक पाय आखूड हाय. म्हणून डुलायलंय हे."

पुनमनं केकखाली ठेवायचा जाड पुठ्ठा कापून दिला. त्यांनी तो दुमडून आखूड पायाखाली सरकवला, हलवून बघितलं, आणखी एक घडी घातली. जाळीवरची धूळ पुनमनं ब्रशनं झाडली. मृत्युंजयनं मांडवातून परत फोनवर सांगितलं, तसा फ्रीज थोडा वेळ बंद ठेवून निवू दिला. मग बटण दाबलं.

बटण दाबल्यावर साखराबाई स्वतः उठल्या. तांब्या उचलला आणि फ्रीजच्या टपावर उपडा ठेवला, त्यावर पेला. मग दाराच्या उंबऱ्यापाशी, अंगणाकडच्या बाजूला, उभ्या राहिल्या. "बंद पडू द्या आता," त्या म्हणाल्या.

तिघंही पेल्याकडे बघत राहिले. फ्रीज आज बंद पडायला तयार होईना. हणमंतरावांच्या कपाळावर घाम आला. शेवटी टक्क झालं.

पेला वाजला नाही.

साखराबाईंनी सुस्कारा सोडला. तांब्या-पेला उचलून त्यांनी पुढच्या खोलीत, हणमंतरावांच्या उशापाशी नेऊन ठेवला. "ह्येंचं घोरणं त्येला चालंल," त्या म्हणाल्या, आणि सांडलेल्या शेंगा वेचायला बसल्या. दिवेलागणीला ट्रेमधल्या पाण्यावर बर्फाची पातळ साय धरली होती.

सकाळी पुनमनं क्रीम काढलं. पाकिटाला हात लावला तर बोटं आखडली. मोठ्या भांड्यात ओतून तिनं मशीन लावलं. क्रीम आधी नुसतं हललं, मग फुगलं, मग त्यावर रेघा उमटून तशाच राहू लागल्या. साखराबाई लांबून बघत होत्या.

"झालं का उभं?"

"बघते," म्हणून पुनमनं भांडं उचललं आणि खाडकन स्वतःच्या डोक्यावर उपडं धरलं. केकवाले असंच बघतात, क्रीम पडलं नाही की झालं. पण साखराबाईंना ते कुठं ठाऊक? त्यांच्या तोंडून "अगं माय" निघून गेलं आणि त्या दोन पावलं दाराकडे सरकल्या.

भांडं वरच होतं. पुनमच्या केसांवर थेंबसुद्धा पडला नव्हता आणि ती हसत होती.

साखराबाई थांबल्या. जवळ आल्या, वाकून भांड्यात खालून बघितलं.

"पडंना की," त्या म्हणाल्या.

"न्हाई पडत, आत्याबाई."

साखराबाईंनी एकदा दाराकडे बघितलं, एकदा भांड्याकडे. मग डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पाटावर, बरोबर पुनमच्या समोर, मांडी घालून बसल्या.

"धर," त्या म्हणाल्या. "माज्या डोस्क्यावर धर."