माळ विकला, टहाळ राहिला

पुण्याच्या साहेबानं कोळवणच्या रस्त्याला जीप थांबवली, माळावर चढून कमरेवर हात ठेवले, "काय व्ह्यू आहे!" म्हणाला, आणि गेणबा नि बहिरू या दोघा भावांनी त्याच्यासंगं सुपारी फोडली. झाला जमिनीचा निर्णय. सातबारा आईच्या, रंभाबाईच्या नावावर. पण तिला विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. पौडच्या कचेरीत नेऊन अंगठा उठवला की झालं!

"भाताची खाचरं थोडीच इकतोय, आये," गेणबा म्हणाला. "नुस्ता वरचा माळ. दगडं नि झाडं. पिकतंय काय त्यात?"

रंभाबाई तांदूळ निवडत राहिली. आजवर बोलून कुणी ऐकलं होतं?

साहेब घाईचा. कागद व्हायच्या आधीच त्यानं माळाला काटेरी तार ओढून राखणदार बसवला. थंडी सरत आली, तसे हे दोघे वीर दरवर्षीसारखे कोयते घेऊन त्याच माळावर ऐनाच्या झाडांचा टहाळ, म्हणजे पाल्यासकट फांद्या, तोडायला निघाले! टहाळ वाफ्यावर पसरून जाळायचा, तो राब. त्या राखेत भाताचं रोप उठतं. इथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. राखणदारानं हटकलं, तर बहिरू त्याच्यावरच गुरकावला, "आरं, आमी माळ इकलाय, टहाळ कुटं इकलाय?"

काय म्हणावं या अकलेला! इतकी वर्षं या माळावरनं टहाळ आणताना कुणी हटकलं नाही, तर साहेबही आणू देईल, असं दोघांनी गृहीतच धरलेलं.

रिकाम्या हातानं घरी आले.

"युरिया टाकू," बहिरू म्हणाला.

"टाक. पयल्याच झडीत नदीला जातोय का न्हाई बघ," रंभाबाई म्हणाली. "आन् रोप न्हाई उठलं तर खाचरात काय, तुमची डोस्की लावू?"

दुसऱ्या दिवशी साहेब तिला पौडला न्यायला आला. ती उंबऱ्यातच बसून राहिली.

"सायेब, टहाळ तोडू द्याल का?"

"अहो आजी, झाडांसाठीच तर घेतोय! एक फांदी तोडू देणार नाही."

"मग जावा माघारी. अंगठा मिळायचा न्हाई."

गेणबा लालबुंद झाला. "आये, सुपारी फुटलीया! चार मान्सांत जबान दिलीया. तोंड कुटं दाखवू?"

"जबान तुजी, तू बघ. अंगठा माजा हाय."

साहेबानं तडक जीप वळवली ती शेजारचा माळ ज्याचा, त्या कुशाबाच्या दारात. कुशाबा म्हणजे रंभाबाईचा चुलतदीर. तिथं संध्याकाळीच सुपारी फुटली आणि त्याच आठवड्यात कागदही झाला; काटेरी तार नि राखणदार तिकडं हलले. इकडं गेणबा आईशी बोलेना. "घरी आलेली लक्ष्मी घालवली म्हातारीनं," म्हणत बहिरू गावभर फिरला.

मग एका सकाळी कुशाबा दारात उभा. हातात कोयता.

"वैनी, औंदा टहाळ तुमच्या माळावरनं न्यावा म्हणतो."

"न्या की तात्या, आपलीच झाडं!" इतके दिवस मुका झालेल्या गेणबाला एकदम वाचा फुटली.

"आपली व्हय रं मुडद्या?" रंभाबाई कडाडली. "परवा इकताना कुणाची हुती?" मग कुशाबाकडं वळून म्हणाली, "भावजी, ह्या माळात दोन घरांचा राब निघत न्हाई."

"मंग माज्या खाचरांचं काय करू?"

"इका तीबी. गिऱ्हाईक हाय की!"

कुशाबा जागचा हलला नाही. रंभाबाईनं दार लावून घेतलं.