मिस ड्रूंचा सत्कार

सत्कार हा शब्द ऐकला तरी मला हल्ली धडकी भरते. शाल, पुष्पगुच्छ, मानचिन्ह, फोटो, आणि मग माइक पुढे सरकवून, "आता आपण दोन शब्द बोलावेत अशी नम्र विनंती!" मुद्दाम कुणी वाईट करत नाही हो, प्रेमानेच करतात. पण गेल्या एप्रिलमध्ये या प्रेमाने मिस ड्रूंचं पार हसं झालं असतं.

मिस ड्रू म्हणजे ड्रुसिला हेन्स. वय चौऱ्याऐंशी. डेट्रॉइटच्या क्लबांमधून उभं आयुष्य जॅझ गायल्या. त्याच्याही आधी, विशीत असताना, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या एका गावात कॉलेजच्या पोरांबरोबर त्या एका हॉटेलात जाऊन बसल्या होत्या. तिथे काळ्या माणसांना काउंटरपाशी स्टुलावर बसायची बंदी. कॉफी मागितली, दिली नाही. उठा म्हणाले, उठल्या नाहीत. डोक्यावर केचप ओतलं, पोलिसांनी उचलून नेलं, तर बाई सुटून आल्यावर पुन्हा त्याच स्टुलावर! तिथे बसल्या बसल्या त्यांनी एक गाणं रचलं. मराठीत सांगायचं तर, "सरक थोडं, मला बसायचंय." पुढे हे गाणं त्या मोर्चात गायल्या, कोठडीत गायल्या, आणि क्लबात तर लोक ते ऐकल्याशिवाय घरीच जायचे नाहीत.

माझ्याकडे त्या आल्या स्ट्रोकनंतर. मी जागृती, मूळ नागपूरची, इथे डेट्रॉइटशेजारच्या ट्रॉय गावाजवळ एका रिहॅब सेंटरमध्ये स्पीच थेरपिस्ट आहे. मिस ड्रूंचा उजवा हात लुळा पडला होता आणि बोलणं गेलं होतं. समजायचं सगळं, पण शब्द ओठांपर्यंत येऊन अडायचा. पाणी हवं असलं तरी 'पाणी' म्हणता यायचं नाही. तीनच गोष्टी नीट यायच्या. 'वेल', 'नो सर' आणि 'बेबी'. यातली बेबी म्हणजे मी, दोन मुलांची आई.

आता गंमत अशी की बोलणं गेलेल्या माणसाचं गाणं पुष्कळदा शाबूत राहतं. डाव्या हाताने टेबलावर ठेका धरायचा आणि शब्द चालीत म्हणायचे, अशी आमची एक पद्धतच आहे. मी त्यांचा डावा हात धरून टेबलावर ठोकला, त्यांचंच गाणं गुणगुणले, आणि काय सांगू, बाई अख्खं कडवं गायल्या! शब्दन् शब्द! मग आम्ही दोघी रडलो. मी जरा जास्तच रडले. थेरपिस्टने पेशंटसमोर रडू नये असं शिकवलेलं आहे, पण शिकवणारा तिथे नव्हता.

नंतर मी त्यांच्या घरी जायला लागले. हॉलमध्ये एक काचेचं कपाट मानचिन्हांनी गच्च भरलेलं. क्लाइड नावाचे म्हातारबुवा, अनेक वर्षं त्यांच्यासोबत उभ्याने तो माणसाएवढा बेस, म्हणजे थोरलं व्हायोलिनच, वाजवायचे, ते म्हणाले, "स्ट्रोकच्या आधीपासूनच लोक हिला गायला बोलवत नाहीत. सत्काराला बोलवतात. बोलवायचं, टाळ्या वाजवायच्या, खाली बसवायचं. हिला एकदा तरी लोकांसमोर गायचंय, जागृती." मिस ड्रूंनी कपाटाकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "नो सर." इतकं रागाने म्हणाल्या की मीच दचकले. मी त्यांचा हात धरून शब्द दिला, एप्रिलमध्ये आमच्याकडे बाबासाहेबांची जयंती आहे, तुम्ही तिथे गाणार.

शब्द देऊन बसले खरी, पण आमच्या जयंतीचे अध्यक्ष, सूत्रसंचालक आणि मुख्य वक्ते असे तिन्ही म्हणजे लहूकाका. गाड्यांच्या कंपनीतून रिटायर झालेले इंजिनिअर. आम्ही नवे नवे आलो तेव्हा एअरपोर्टवरून यांनीच आणलं, झोपायला गादी यांनीच दिली, बर्फात गाडी चालवायला यांनीच शिकवलं. असा देवमाणूस! फक्त हातात माइक द्यायचा नाही. दिला की संपलं.

मिस ड्रूंचं नाव काढताच काका हरखले. पण कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी त्यांचा फोन आला.

"जय भीम, जागृती. अगं, अजेंडा फार हेवी झालाय. त्यांचं गाणं कॅन्सल करू. सन्मान करू, त्या दोन शब्द बोलतील, बस. आजारी बाईला कशाला त्रास?"

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "काका, त्यांना दोन शब्दच बोलता येत नाहीत! गाता येतं!"

"असं कसं? जिला बोलता येत नाही तिला गाता कसं येईल?"

"मी थेरपिस्ट आहे काका. रोज बघते."

"हो गं बेटा, पण स्टेजवर काही झालं तर? लोक काय म्हणतील? आणि तीन पाहुण्यांची भाषणं आहेत, मग माझं अध्यक्षीय."

"तुमचं कमी करा की!"

तिकडून अजेंड्याचे कागद चाळल्याचा आवाज. मग म्हणाले, "बघू. वेळ उरला तर गातील." वेळ उरला तर! आजपर्यंत आमच्या कुठल्या कार्यक्रमात वेळ उरलाय? मी फोन ठेवला आणि कणिक अशी काही मळली की नवरा मुकाट्याने दुसऱ्या खोलीत गेला. मिस ड्रूंना मात्र मी काही सांगितलं नाही. धीरच झाला नाही माझा.

कार्यक्रम एका शाळेच्या भाड्याने घेतलेल्या सभागृहात होता. बाबासाहेबांच्या तसबिरीला हार, बुद्धवंदना, मुलांचा नाच, सगळं छान. मिस ड्रू जांभळा ड्रेस घालून, मोत्यांच्या माळा घालून, डोक्यावर टोपी घालून आल्या होत्या. क्लाइड बाहेर व्हरांड्यात बेस घेऊन उभे. मग भाषणं सुरू झाली. पहिले पाहुणे बोलले. दुसरे, "वेळेअभावी थोडक्यात सांगतो" म्हणाले, तेव्हाच मी ओळखलं. तिसऱ्यांचं उरकेपर्यंत शाळेचा माणूस दारात येऊन मनगटाकडे बोट दाखवायला लागला. मिस ड्रू माझ्या शेजारी पहिल्या रांगेत, डाव्या हाताने गुडघ्यावर हळूच ठेका धरून बसलेल्या. त्यांची तयारी चालली होती, आणि मला नुसतं रडू येत होतं.

शेवटी काकांनी त्यांना वर बोलावलं. मी हात धरून नेलं आणि पडद्याआड उभी राहिले. ओळख करून दिली ती सुंदरच, खोटं नाही बोलणार. हॉटेलातलं काउंटर, केचप, पोलीस, सगळं सांगितलं. सभागृह उभं राहिलं. शाल पांघरली, लाकडी मानचिन्ह हातात दिलं, फोटो काढले. आणि मग माइक.

"मॅडम, टू वर्ड्स, प्लीज!"

मिस ड्रूंनी माझ्याकडे पाहिलं. आपण गायचं आहे ना, असं ते पाहणं होतं. मी क्लाइडना बोलवायला खुणा करते आहे, व्हरांड्यात कुणाला दिसत नाहीत त्या खुणा. मिस ड्रू माइककडे वळल्या. "वेल," म्हणाल्या. मग थांबल्या. ओठ हलले. "वेल... वेल..." घाम फुटला त्यांना. सभागृहात ती शांतता पसरली, म्हाताऱ्या माणसाची कीव करण्याची. मग मागून कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, बस झालं आजी, या खाली, अशा टाळ्या. सगळ्यांनीच वाजवल्या. मला वाटलं धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. काका घाबरून पुढे झाले आणि त्यांचं कोपर धरून खाली न्यायला लागले.

"नो सर!"

माइकमधून, खणखणीत. टाळ्या थांबल्या. मिस ड्रूंनी कोपर सोडवून घेतलं, मागे वळल्या, आणि स्टेजच्या मधोमध असलेल्या अध्यक्षांच्या खुर्चीत जाऊन बसल्या. चक्क लहूकाकांच्या खुर्चीत! मानचिन्ह आडवं मांडीवर घेतलं. आणि डाव्या हाताने त्याच्यावर ठोकायला लागल्या. ठक. ठक-ठक. ठक.

 मी धावत जाऊन माइक त्यांच्या तोंडाशी धरला. आवाज आला तो खोल, जरा खरखरीत, पण कुठेही न अडखळता. "सरक थोडं..." आणि पुढे मोकळी जागा. ती जागा उत्तरासाठी असते, बाकीच्यांनी भरायची असते. कुणी भरली नाही. सगळे आपले सभ्यपणे बसलेले. त्यांनी ठेका सोडला नाही. पुन्हा म्हणाल्या, "सरक थोडं..."

माझा आवाज म्हणजे फाटका पत्रा. माझी आई नागपूरला भीमगीतांच्या गायन पार्टीत कोरस धरायची, मला मात्र शेजारी बसून टाळ्या वाजवायचंच काम असायचं. पण त्या क्षणी कोण आवाज बघतो? मी ओरडले, "मला बसायचंय!" मराठीतच.

मिस ड्रू हसल्या. तिसऱ्यांदा, जरा चढ्या सुरात, "सरक थोडं..." आणि शेवटच्या रांगेतून एका बाईंनी उचललं, "मला बसायचंय!" मग दहा जणींनी, मग सगळ्या सभागृहाने. अहो, आपल्या लोकांना कोरस काय शिकवायचा? लहानपणापासून एप्रिल महिनाभर रात्रंदिवस तेच तर ऐकलंय. त्या इंग्रजीत म्हणायच्या, आम्ही मराठीत उत्तर द्यायचो, आणि कुठेही सांधा दिसत नव्हता. क्लाइड दार ढकलून आत आले, तो अवाढव्य बेस छातीशी धरून, मधल्या वाटेतून वाजवायला अधीर झालेले. त्यांचा पहिला सूर लागला तेव्हा मिस ड्रूंनी डोळे मिटले.

लहूकाका स्टेजवर उभेच. खुर्ची गेलेली. मिस ड्रूंनी डोळे उघडून त्यांच्याकडेच बघत म्हटलं, "सरक थोडं!" आणि काका खरंच सरकले! सभागृह हसण्याने नुसतं दणाणलं. काकाही हसले, आणि सुटाबुटात, टायसकट स्टेजवर मांडी घालून बसले आणि टाळ्या वाजवायला लागले. शाळेचा माणूस दाराला टेकून उभा राहिला. मनगटाकडे त्याने नंतर पाहिलंच नाही.

पार्किंगमध्ये काका माझ्याजवळ आले. खिशात भाषणाचे कागद तसेच.

"माझं अध्यक्षीय राहिलं गं."

"हो काका."

"बरं झालं राहिलं." मग चष्मा पुसत म्हणाले, "तू फोनवर सांगत होतीस, मी ऐकलंच नाही. चुकलं माझं." मी त्यांच्या टायवरची धूळ झटकली. आमचे काका आहेत ते.

परवा मिस ड्रूंकडे गेले होते. बाकीची मानचिन्हं अजून कपाटातच आहेत. आमचं मात्र खिडकीजवळच्या टेबलावर असतं, आणि त्याच्यावरची पितळी पट्टी हाताने ठोकून ठोकून गुळगुळीत झाली आहे. क्लाइडही होते. तेवढ्यात लहूकाकांचा फोन आला, मी स्पीकरवर टाकला.

"जागृती, पुढच्या जयंतीचा अजेंडा करतोय. मिस ड्रूंना किती वेळ हवा, विचार त्यांना."

मी इंग्रजीत विचारलं. मिस ड्रूंनी मानचिन्ह जवळ ओढलं. ठक. ठक-ठक. ओठ हलले, क्षणभर अडले, आणि मग त्याच गाण्याच्या चालीत, पण गाण्यात नसलेले, त्यांचे स्वतःचे शब्द आले, स्ट्रोकनंतर पहिल्यांदाच.

"ऑल ऑफ इट, बेबी."

क्लाइड खुर्चीतून उठूनच उभे राहिले. माझे डोळे घळाघळा वाहायला लागले. फोनमधून काकांचा आवाज आला.

"सगळा? अगं, मग माझं भाषण?"

मिस ड्रू फोनकडे वाकल्या.

"नो सर."